पंकज काय सांगत हुता

चिंचमळा, काष्टी
४ नोव्हेंबर

स्टेला हिस,
प्रभूच्या नावानं आजीचा सलाम.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं अंगणात टाकलं आणि कोंबडी त्यावरून चालत गेली, तरी वाचता आलं. फोन माझ्याकडं बी हाय, पण त्यात नुसता आवाज येतो. तुला आवाजाचा उपयोग न्हाई आणि मला त्या बारक्या काचेवरची अक्षरं दिसत न्हाईत. तवा कागदच बरा.

तू लिहितीस की तुमी बहिरी पोरं मिळून गावोगाव फिरणार, लोकांस्नी हाताची भाषा दाखवणार, आणि पयल्याझूट आपल्या वस्तीवर येणार. कौतुक हाय. पण इथल्या लोकांस्नी तोंडाची भाषा धड वापरता येत न्हाई, त्यांना हाताची कुठं शिकवता?

ते जाऊ दे. खरं सांगायचं ते हे की तू येऊ नको.

आपल्या शेजारचा अजिनाथ, कांद्याचा टेम्पो चालवतो तो, त्यानं मला मोबाईलवर एक चित्र दाखवलं. दोन माणसं आणि एक बाई, कुणाचं तोंड नीट दिसत न्हाई. खाली लिहिलेलं की ही पोरं पळवणारी टोळी हाय, मुक्याचं सोंग घेती, हातवारे करती, हातात कागद देती. मी म्हणलं, कुठलं गाव हे? ठावं न्हाई म्हणाला. कवाचं? ते बी ठावं न्हाई. पण खरं हाय म्हणे. आता शाळा सुटायच्या वक्ताला बाप्ये काठ्या घेऊन फाट्यावर उभे राहत्यात.

मागच्या हप्त्यात पलीकडच्या वस्तीवर एका चादरीवाल्याचं डोकं फोडलं. तो बिचारा विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला जबाब देत हुता. नाव सांगत हुता, गाव सांगत हुता, कार्ड काढून दाखवत हुता. बोलता येणाऱ्याची ही गत. तुमच्यातल्या एखाद्याला कुणी मागून "ए, कोण रे तू?" म्हणून हटकलं तर तो वळायचा बी न्हाई. न वळणाऱ्या माणसाला गाव काय समजतं, ते तुला सांगायला पायजे का?

आईबापामागं तुला मी वाढवली ती असल्या कामासाठी न्हाई. नगरातच राहा.

आजी


अहिल्यानगर
९ नोव्हेंबर

आजीस सलाम.

तुझं पत्र मी सगळ्यांना दाखवलं. तोंडाची भाषा धड येत नाही, हे वाक्य आमच्यात फार चाललं. इथे तुला सगळे आता ओळखतात. आमच्यात प्रत्येक माणसाचं हातांचं एक नाव असतं, ते आपण स्वतः घ्यायचं नाही, दुसऱ्यांनी द्यायचं. तुझं नाव मी ठेवलं आहे. कसं ते सांगणार नाही, रागावशील.

आजी, तू ज्याची भीती घालतेस त्यासाठीच तर आम्हाला यायचं आहे. लोकांनी आम्हाला बोलताना कधी पाहिलेलंच नाही. पाहिलं की कळेल. शुभांगीताई आमच्याबरोबर असतील. त्यांना ऐकू येतं, त्या आमचं बोलणं लोकांना तोंडाने सांगतात. सरपंचांची परवानगी काढली आहे.

पंकजही येणार आहे. तो राहात्याचा. तिथे बेकरीत पाव भाजतो, उजव्या मनगटावर भट्टीच्या पत्र्याने भाजल्याचा मोठा डाग आहे. त्याचे आईवडीलही बहिरे. घरात एकट्या धाकट्या बहिणीला ऐकू येतं, तर तिलाच सगळे बिचारी म्हणतात. त्यांच्या दाराची घंटा वाजवली की दिवा लागतो. कुणाला हाक मारायची तर खांद्यावर थोपटतात, नाहीतर पाय आपटतात, म्हणजे जमीन सांगते. जायला निघाले की दारात उभं राहून तासभर बोलतात. मला त्या घरात पहिल्यांदा वाटलं की मी काही चुकवत नाहीये.

आणि एक. तू आणि मी ज्या खुणा करतो त्या आपल्या दोघींच्याच आहेत. भाकरी, गाय, शाळा, आणि ओठांवर मूठ ठेवून 'गप बस'. ती तू सगळ्यात जास्त वापरलीस. पंकजशी तशा खुणांनी बोलायला गेलीस तर त्याला कळणार नाही, आणि तुला त्याचं कळणार नाही. आमची भाषा वेगळी आहे. पूर्ण आहे. शिकावी लागते. आलो की शिकवेन.

स्टेला


चिंचमळा
१६ नोव्हेंबर

स्टेला हिस सलाम.

ह्या वयात मला शिकवायला निघालीस. शीक म्हणलं तवा तू स्वतः शाळेतून पळून येत हुतीस.

आता नीट वाच. पुढ्यात घडलेलं सांगते, मोबाईलवरचं न्हाई.

कारखाना सुरू झाला, ऊसतोडीवाले आलेत. आपल्या मळ्याच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या कोप्या हायत. त्यातली एक सविता, बीडकडची. पोर कडंवर घेऊन दुकानात आली. आई काळी आणि पोरगं गोरं. तेवढ्यावर तिला घेरलं. कुणाचं पोर हाय, कुठनं आणलं? ती म्हणती माझं हाय. एकजण म्हणाला, तुझं हाय ना, मग आमच्यासमोर पाज. तिनं पदराखाली घेतलं. पण एवढा गलका चाललेला, पोरगं भ्यालेलं, ते तोंडच लावंना. जसं ते तोंड फिरवी तशी माणसं एक एक पाऊल म्होरं येत हुती. मी तिथंच हुते, साखर घ्यायला गेलेली. त्यांचा मुकादम पळत आला म्हणून निभावलं. त्यानं यायला अजून जरा उशीर केला असता तर काय झालं असतं ते मी लिहीत न्हाई.

स्टेला, ती माणसं परकी न्हवती. निम्म्यांची बाळंतपणं माझ्या हातची. त्यांचं तोंड त्या दिवशी मला वळखू आलं न्हाई.

तू माझं ऐकणार न्हाईस ते मला ठावं हाय. तवा येणारच असलीस तर एवढं कर. ती शुभांगी असल्याबिगर फाट्यावर उतरू नको. रस्त्यात हात हलवू नका. हात खाली ठेवा, खिशात घाला, पदरात घाला, पण हलवू नका. कागद वाटू नका. आणि लेकरांना हात लावू नका. तुमच्यात खांद्यावर थोपटून हाक मारत्यात म्हणालीस. इथं तेवढ्यावर जीव जाईल.

आजी

ता. क. मला काय नाव ठेवलंय ते कळव. मी रागावत न्हाई असं न्हाई.


अहिल्यानगर
२९ नोव्हेंबर

आजीस सलाम.

शुभांगीताईंना डेंग्यू झाला आहे, त्या दवाखान्यात आहेत. म्हणून वस्तीवरचा कार्यक्रम पुढे ढकलला. पण मी आणि पंकज मंगळवारी दुपारच्या एसटीने तुला भेटायला येतोय. कार्यक्रम नाही, कागद नाहीत, फक्त भेट. फाट्यापासून घरापर्यंत किती चालायचं आहे? तेवढं तू सांगितल्यासारखं करू. हात खाली ठेवू.

मला ते आवडलेलं नाही. तोंड शिवून चालण्यासारखं आहे ते. पण मागच्या पत्रात तुझं पेन कागदाच्या पलीकडे उठलं आहे. एवढं दाबून तू कधी लिहीत नाहीस. म्हणून ऐकते.

पंकज तुझ्यासाठी खारी आणणार आहे. तुझं हातांचं नाव समोर आल्यावर दाखवेन.

स्टेला


चिंचमळा
४ डिसेंबर

स्टेला हिस सलाम.

येतोय म्हणून सांगणारं तुझं पत्र काल बुधवारी पोचलं. तुमी येऊन गेल्यावर. पोस्टाच्या कपाळाला काय लावायचं ते मी लावलं.

परवा तुला टेम्पोत घालून दवाखान्याकडं धाडली तवा अंधारात खुणा दिसत न्हवत्या, बोलणं झालंच न्हाई. म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते.

दुपारी मी शेंगा फोडत बसले हुते. राजेश्वरी, अजिनाथची बायको, पळत आली. "मावशी, फाट्यावर एकजण घावलाय. शाळेतल्या पोराला धरत हुता. मुक्याचं सोंग करतोय."

मी चप्पल बी घातली न्हाई.

पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या शेडला एका पोराला टेकवून बसवलेला. तोंड सुजलेलं, शर्ट फाटलेला, हात मागं कासऱ्यानं बांधलेले. आणि सगळे त्याला म्हणत हुते, बोल. बोल की. एकानं चाक खोलायची लोखंडी टॉमी घेतली आणि मागनं पत्र्यावर हाणली. पोरगं दचकून वळलं. झालं. "बघा, ऐकू येतंय ह्याला. सोंग हाय." आतापर्यंत निदान हसत तरी हुते, आता ते बी थांबलं.

मी आत घुसले. अजिनाथ म्हणाला, "मावशी, तुमी मागं सरा. समद्यांनी बघितलंय, त्याला ऐकू येतंय."

मी म्हणलं, "पत्र्याला टेकवलाय त्याला. पत्रा हाणल्यावर तुझी पाठ गप बसली असती का? माझी नात अशीच हाय, भुईवर पाय आपटला की वळती. हात सोड त्याचे."

"सोडले आणि पळाला म्हंजे?"

"तुमी एवढे बाप्ये आणि तो एक. कुणी कुणाला भ्यायचं ते आधी ठरवा. तो हातानं बोलतो रं. हात बांधून बोल म्हणताय. तुझं तोंड बांधते आणि तुझं नाव विचारते, चालंल?"

कुणीच हललं न्हाई. मग मीच गाठ सोडायला बसले. म्हातारीला ढकलायला अजून त्यांना लाज वाटत हुती, तेवढ्यावर निभावलं. गाठ सुटली आणि मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला. तवा मला कळलं हा कोण ते. मला वाटलं आधी एकटाच वस्ती बघायला आलाय.

हात सुटले तसा तो माझ्याकडं बघून बोलायलाच लागला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली, तरी थांबंना. मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत हुते. "काय म्हणतोय मावशी?" मला न्हाई कळत म्हणलं असतं तर परत कासरा आणला असता. म्हणून मी तुझ्या पत्रातलं आठवून सांगत गेले. "म्हणतोय, मी पंकज, राहात्याचा. बेकरीत पाव भाजतो. आईबाप बी बहिरे हायत, वाट बघत असतील." तो सारखा उसाकडं हात करी. मी म्हणलं, "म्हणतोय, तुमचा ऊस लई झ्याक हाय." एकदोघं हसले. हसली की माणसं मारत न्हाईत. मग त्यानं माझे खांदे धरले, गदागदा हलवलं, परत उसाकडं हात. मला भ्या वाटलं की हे बघून लोक परत बिथरतील. म्हणून मी ओठांवर मूठ ठेवून त्याला 'गप बस' केलं. तवा तो खाली बसला आणि रडला. मी म्हणलं, "बघा, तुमचे उपकार मानतोय."

मग पोलिसांची गाडी आली, त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मी घरी आले, च्या केला. खोटं कशाला बोलू, बरं वाटत हुतं.

दिवस कलताना ती सविता आली. म्हणाली, "आजी, दुपारी एक पोरगी उसात शिरलेली बघितली. तिच्यामागं पोरं लागलेली. ती काय अजून बाहेर आली न्हाई." कसली पोरगी म्हणलं. तिनं तुझ्या ओढणीचा रंग सांगितला.

स्टेला, त्या उसात आदल्याच हप्त्यात बिबट्यानं शेरडू नेलेलं.

सगळी वस्ती आली. दुपारी ज्यांनी काठ्या घेतलेल्या तेच काठ्या घेऊन उसाच्या कडंनं "स्टेला, स्टेला" वरडत फिरायला लागले. मी वरडले, "अरं ती बहिरी हाय, कुणाला हाका मारताय? तुमच्या काठ्या बघून अजून आत जाईल ती." मग त्यांना मागं हटवलं. ट्रॅक्टरचा दिवा लावायला लावला आणि त्या उजेडात बांधावर एकटी उभी राहून भाकरी थापल्याची खूण करत बसले. हात गळून गेले तवा तू निघालीस. तोंड पानांनी कापलेलं.

आता मला एक सांग. त्या पोराचे हात मी सोडवले, पोटभर बोलू दिलं. तू उसात हाईस एवढी एक गोष्ट त्याला सांगता आली न्हाई?

आजी


अहिल्यानगर
९ डिसेंबर

आजीस सलाम.

तुझं पत्र पोचलं. आता माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते.

आम्ही फाट्यावर उतरलो. हात खाली ठेवून चाललो. एकमेकांशी काहीच बोललो नाही. पुढे एक मुलगा चालला होता, त्याची चप्पल मागे राहिली. पंकजने ती उचलली. हात खाली ठेवायचे हे त्याच्या लक्षात होतं, लेकराला हात लावायचा नाही हे तेवढ्यापुरतं विसरला. त्याने त्याच्या खांद्यावर थोपटलं. मुलगा वळला, आणि त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मग सगळीकडून माणसं आली. पंकजने मला तुझ्याकडे पळ म्हणून सांगितलं. मी निघाले, तर मला न ओळखणारी, दुसऱ्या वस्तीवरची काही पोरं माझ्यामागे लागली. माझा फोन तिथेच फुटला, पंकजचाही. मी उसात शिरले.

आजी, ज्याला ऐकू येत नाही त्याला निदान दिसलं पाहिजे. उसात तेही गेलं. सगळीकडे पानं हलत होती, पण पानं वाऱ्यानेही हलतात. मी दोन्ही तळहात जमिनीवर ठेवून बसले. माणसं पळाली की कळायचं. नंतर ती थांबली. मग बऱ्याच वेळाने काहीतरी हलकं, चार पायांचं, जवळून गेलं. ते कुत्रं होतं असं मी ठरवलं. अजूनही तसंच ठरवते.

आता तुझ्या प्रश्नाचं. पंकजने तुला सांगितलं होतं. हात सुटल्यावर पहिलं तेच सांगितलं. स्टेला उसात आहे. एकटी आहे. तिला हाका मारू नका, तिला ऐकू येत नाही. आधी तिला शोधा, माझं नंतर बघा. पुन्हा पुन्हा हेच. तू मान हलवत होतीस, म्हणून त्याला वाटलं की तुला कळतंय. मग कुणीच उसाकडे जाईना, म्हणून त्याने तुझे खांदे धरले. मग तू ओठांवर मूठ ठेवलीस. ती खूण त्याच्या भाषेत नाही, पण तेवढं त्याला कळलं.

त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना प्लास्टर आहे. डाव्या हाताने बोलतो, तोतरं. तो तुला दोष देत नाही. मी काय म्हणालो असं आजीने सांगितलं, हे त्याने मला विचारलं. ऊस झ्याक आहे, हे सांगितल्यावर तो इतका हसला की नर्स धावत आली.

मला हसू आलं नाही.

स्टेला


चिंचमळा
१४ डिसेंबर

स्टेला हिस सलाम.

तुझं पत्र वाचलं. परत वाचायची छाती झाली न्हाई. त्या पोराची माफी मागायची हाय, ती कागदावर मागत न्हाई, समोर उभी राहून मागीन. आत्ता त्याला वेळ न्हाई.

हे पत्र पोस्टानं येत न्हाई. अजिनाथ टेम्पो घेऊन तुझ्या दारात उभा असंल. हात बांधले तो हाच. त्याला पाण्याचं इचारू नको, टेम्पोत बस आणि ये. पंकजला चालता येत असंल तर त्याला बी आण.

आज सकाळी फाट्यावर एक बाई बसलेली मिळाली. आपल्याकडची न्हाई. तोंडानं काही बोलत न्हाई, हात सारखे चालू हायत. ह्या खेपेला कुणी मारलं न्हाई. सगळे म्हणाले, रतनबाईला बोलवा, तिला ह्यांचं सगळं कळतं. त्या दिवशीपासून मला मुक्यांचं बोलणं कळतं म्हणून वस्तीवर माझं नाव झालंय. मी गेले तर गर्दी बाजूला झाली, कुणी खुर्ची आणली. आणि सगळे गप्प उभे राहून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. स्टेला, कासरा बघून मला एवढं भ्या वाटलं न्हवतं जेवढं त्या खुर्चीवर बसून वाटलं.

मी सांगितलं की मला हिचं काही कळत न्हाई. अजिनाथ म्हणाला, त्या दिवशी तर कळत हुतं. मी म्हणलं, न्हवतं कळत. त्या दिवशी मी तुमाला जे सांगितलं ते माझ्या मनचं हुतं. तो खरं सांगत हुता आणि मी त्याच्यावर माझं बोलणं घालत हुते. दोघं निघून गेले, बाकीचे खाली बघत राहिले. मग अजिनाथच म्हणाला, पत्र द्या, मी जातो.

बाईला मी घरी आणलीय. च्या दिला तर घेतला न्हाई. पोलिसांस्नी कळवलंय, ते येतील आणि तिला म्हणतील, बोल.

ती एक हात कमरेएवढा खाली धरती. मग दोन्ही तळवे पसरून रिकामे दाखवती. मग दाराकडं जाती आणि परत येऊन तेच. मी बाप्ये कोप्यांकडं, विहिरीकडं, मळ्याकडं धाडलेत. काय शोधायचं म्हणून इचारत हुते. मी म्हणलं, मला ठावं न्हाई. कमरेएवढं काही बी. शेरडू असंल, पिशवी असंल. मला जे वाटतंय ते मी बोलले न्हाई आणि लिहीत बी न्हाई. मागच्या खेपेला मला वाटलं तेच मी सांगितलं.

लवकर ये. ती माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडं बघत सांगतीया, आणि मी मान बी हलवत न्हाई. हलवली तर तिला वाटंल, मला कळलं.

आजी